पलीकडचं वाक्य

कोटरा सुल्तानाबाद, भोपाळ
१२ जून २०२३

चि. केतकी,

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. पण माझा फोन नीट चालत नाही, आणि मला जे विचारायचं आहे ते फोनवर विचारण्यासारखंही नाही.

नलिनीला जाऊन सहा महिने झाले. तुमचं कार्ड मला मिळालं तोवर तेरावाही होऊन गेला होता. मी दोन ओळी लिहून पाठवल्या होत्या, त्या पोचल्या की नाही कळलं नाही. तुझी आई माझी मावसबहीण, पण आम्ही सख्ख्यांसारख्या वाढलो. शिवाजी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये ती दर उन्हाळ्यात महिना-महिना राहायला यायची. हे तिनं तुला सांगितलंच असेल.

आता काम सांगते. इथल्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक निघतो. यंदा त्यांनी कथास्पर्धा ठेवली आहे, साठीच्या पुढच्यांचा गट वेगळा. कथा तीस सप्टेंबरपर्यंत द्यायची. तू अमरावतीला ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतेस, तेव्हा कथेला काय काय लागतं ते तुला ठाऊक असणार. मी एक्केचाळीस वर्षं सचिवालयात स्टेनो होते. साहेब बोलायचे, मी शॉर्टहँडमध्ये उतरवून घ्यायचे, मग टाइप करायचे. मिनिटाला शंभर शब्द, आणि चूक नाही. तेवढ्या वर्षांत स्वतःचं म्हणून एक वाक्य लिहिलं नाही. आता लिहायला बसले तर सगळं दोन पानांत संपलं. ती पानं जोडते आहे. वाचून काय चुकलं ते सांग. मुलांना सांगतेस तसंच सांग, मला वाईट वाटणार नाही.

उत्तर पत्रानंच दे.

तुझी,
सुमित्रामावशी

*

अमरावती
२७ जून २०२३

ती. सुमित्रामावशी यांना नमस्कार.

पत्र मिळालं. डिसेंबरातल्या दोन ओळीही मिळाल्या होत्या. आईच्या आजारपणात माझ्या रजा फार झाल्या, त्यामुळे कॉलेजातलं काम साचलं आहे. उत्तरं उशिरा येतील, ते समजून घ्या.

तुमची पानं वाचली. ती कथा नाही, अहवाल आहे. ‘विजयाबाई दिनांक ३१ ऑगस्ट रोजी सेवानिवृत्त झाल्या. त्यानंतर त्या एकट्या राहत असत. त्या दुःखी होत्या.’ यातलं मला काहीच दिसत नाही. विजयाबाई दुःखी आहेत असं तुम्ही सांगता आणि मी तुमच्यावर विश्वास ठेवायचा. वाचक असा विश्वास ठेवत नाही. दुःखी माणूस सकाळी उठून काय करतो ते लिहा, दुःख वाचकाला आपोआप कळेल. वर्गात मी म्हणते, पात्र म्हणजे कुणी बघत नसताना माणूस जे करतो ते. तसं एखादं पान लिहून पाहा.

दुसरी गोष्ट निवेदकाची, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्याची. तुमचा निवेदक घराबाहेर खुर्ची टाकून बसला आहे. त्याला आत येऊ द्या. ‘मी’ म्हणून लिहा किंवा ‘ती’ म्हणून, पण एक ठरवा.

केतकी

*

भोपाळ
१० जुलै २०२३

चि. केतकी,

‘अहवाल’ वाचून मला हसू आलं. बरोबर आहे तुझं. एक्केचाळीस वर्षांची सवय.

तू मला ‘तुम्ही’ म्हणतेस. लहानपणी ‘अगं मावशी’ म्हणून गळ्यात पडायचीस. आता मोठी झालीस, शिक्षिका झालीस, तसंच असेल.

मी ‘ती’ ठरवलं. ‘मी’ म्हटलं की माझा हात थांबतो. कुणी बघत नसताना विजया काय करते ते लिहिलं आहे. थोडं इथेच उतरवते:

‘विजया सकाळी कुकर लावते आणि ओट्यासमोर उभी राहते. दुसरीकडे कुठे जात नाही. ती कुकरच्या शिट्ट्या डोळ्यांनी मोजते. तीन झाल्या की गॅस बंद करते. मग दार उघडून दारातच खुर्चीवर बसते. दूधवाला येऊन परत जाऊ नये म्हणून. ठेलेवाला येतो तेव्हा ती भाव विचारत नाही. भाजीकडे बोट दाखवते, नोट पुढे करते, आणि तो जे काही बोलतो त्यावर मान हलवून हसते. ठेलेवाल्याला वाटतं, बाई फार चांगल्या आहेत. संध्याकाळी ती टीव्हीवर बातम्या लावते आणि खालून सरकणारी ओळ वाचते.’

असं चालेल का? आणि उपमा, रूपक वगैरे कुठे घालायचं असतं? शाळेत पाठ केलं होतं, आता आठवत नाही.

सुमित्रामावशी

*

अमरावती
२५ जुलै २०२३

ती. मावशी,

हे पान तुमचंच आहे ना, असं क्षणभर वाटून गेलं. रागावू नका. फार चांगलं आहे. मी ते काल अकरावीच्या वर्गात वाचून दाखवलं, तुमचं नाव न सांगता.

उपमा म्हणजे ‘सारखं’ म्हणून केलेली तुलना. ‘तिचा चेहरा सुकलेल्या फुलासारखा होता’ ही उपमा, आणि अगदी वापरून झिजलेली. रूपकात ‘सारखं’ गळतं, एक वस्तू थेट दुसरी होते. तुम्हाला यातलं काही घालायची गरज नाही, कारण तुम्ही त्याहून अवघड गोष्ट करून बसला आहात. ‘शिट्ट्या डोळ्यांनी मोजते’ ही प्रतिमा आहे. ऐकायची गोष्ट बघायची केली, आणि एकटेपणा शब्द न उच्चारता आला. माझी मुलं त्यावर अर्धा तास बोलत होती. एक मुलगी म्हणाली, तिच्याशी बोलणारं कुणी नाही म्हणून ती कुकरकडे बघत बसते. मला तो अर्थ पटला.

आता दोष. तुमच्या कथेत कुणीच बोलत नाही. ठेलेवाला ‘जे काही बोलतो’ म्हणून तुम्ही सुटता. काय बोलतो? संवादाशिवाय माणसं भिंतीवरच्या तसबिरींसारखी होतात (ही उपमा). बाहेर जाऊन बसा, बस स्टॉपवर, देवळात, बाजारात. लोक बोलतात ते जसंच्या तसं उतरवून घ्या. तुमच्याइतकं ते कुणाला जमणार?

आणि विजयाला हवंय काय, आड काय येतंय, ते मला कळत नाही. त्याला संघर्ष म्हणतात. तो असल्याशिवाय कथा जागची हलत नाही. तुमचा निवेदक काहीतरी लपवतो आहे असं मला वाटतं. लपवायला हरकत नाही, पण निवेदकानं मुद्दाम लपवावं, घाबरून नव्हे.

केतकी

*

भोपाळ
२० ऑगस्ट २०२३

चि. केतकी,

तुझं ऐकून मी नेहरू नगर चौराह्यावरच्या बस स्टॉपवर जाऊन बसले. वही आणि दोन पेन्सिली घेऊन. शेजारी दोन बायका होत्या, एक कॉलेजातली मुलगी होती, रिक्षावाले होते. सगळे बोलत होते. मी दीड तास बसले आणि कोरी वही घेऊन परत आले. असं तीन दिवस केलं.

केतकी, मला ऐकू येत नाही. चार वर्षं होतील. आधी डावा कान गेला, मग उजवा. आता समोरचा माणूस नळातून पाणी पडावं तसा ऐकू येतो. ही उपमा मी मुद्दाम केलेली नाही, तसंच ऐकू येतं. एक मशीन घेतलं होतं. ते कानात किंचाळायचं, म्हणून डबीत ठेवून दिलं. माझा फोन चांगला आहे. तो बिघडला आहे हे मी तुला खोटं लिहिलं.

मी कुणाला सांगितलेलं नाही. जिच्या कानांवर ऑफिस चालायचं ती बाई बहिरी झाली, हे मला सांगवत नाही. लोक बोलले की मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघते. चेहरा हसरा असला तर ‘अरे वा, छान’ म्हणते. उतरलेला असला तर ‘होतं असं’ म्हणते. बहुतेक वेळा निभतं. मंडळात जाणं मी सोडलं, कारण तिथे एका वेळी आठजण बोलतात. तू जिला प्रतिमा म्हणालीस ती प्रतिमा नाही. कुकरचं वजन उचललेलं दिसतं, वाफ दिसते, म्हणून मी उभी राहून बघते. तुझ्या मुलांनी अर्धा तास चर्चा केली हे वाचून मला आनंद झाला, आणि मग मी बराच वेळ रडले.

विजयाला काय हवंय असं तू विचारलंस. आता ‘घाबरून नव्हे’ लिहिते.

डिसेंबरात एका सकाळी विजयाच्या टेबलावर फोन थरथरला. भाचीचं नाव दिसलं. विजया फोन घेत नसते, पण भाचीचं नाव बघून तिला राहवलं नाही. बहिणीनं दिवाळीच्या पत्रात लिहिलं होतं की भाचीची नोकरी कायम व्हायची आहे, ऑर्डर आता येईलच. विजयानं फोन कानाला लावला. पलीकडून तेच पाणी पडलं, थोडंसं. फोनवर चेहरा दिसत नाही. ती धरून चालली की ऑर्डर आली. ती म्हणाली, ‘अरे वा, फार छान झालं. पेढे पाठव हो.’ फोन बंद झाला. त्यानंतर भाचीचा फोन कधी आला नाही.

फोनमध्ये त्या कॉलची तारीख राहिली आहे. नऊ डिसेंबर. तुझ्या कार्डावर नलिनी गेल्याची तारीखही तीच आहे. आठ महिने मी दोन्ही तारखा शेजारीशेजारी ठेवून बघते आहे. स्पर्धा खरी आहे, पण मी तिच्यासाठी लिहायला बसले नव्हते. तुझ्याशी बोलायला काहीतरी निमित्त हवं होतं.

माझ्या कथेतलं पलीकडचं वाक्य रिकामं आहे. ते फक्त तुझ्याकडे आहे. कसंही असलं तरी लिही.

सुमित्रामावशी

*

अमरावती
२८ ऑगस्ट २०२३

मावशी,

तुमचं पत्र वाचून दोन दिवस मी कॉलेजात गेले नाही. वाक्य मागितलंत म्हणून लिहिते. उगाच मऊ करून लिहिणार नाही, कारण तुम्हाला ते कळेल.

सकाळचे दहा वाजत आले होते. मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभी होते. आईला जाऊन अर्धा तास झाला होता, आणि पहिला फोन मी तुम्हालाच केला होता.

“मावशी, आई गेली.”

“अरे वा, फार छान झालं. पेढे पाठव हो.”

एवढंच. मी फोन बंद केला.

हे मी कुणाला सांगितलं नाही, इतकी लाज वाटली, तुमच्या वतीनं. मग मी कारण शोधत बसले. आई शेवटचं वर्षभर तुम्हाला फोन करत नव्हती. विचारलं तर म्हणायची, आमचं आम्ही बघू. तेव्हा मी ठरवलं की तुमचं भांडण झालं असणार. आईचं शिक्षण झालं, लग्न झालं, मी झाले, आणि तुमचे वडील गेल्यावर तुम्हाला एकोणिसाव्या वर्षी नोकरी धरावी लागली, घर ओढताना लग्न राहून गेलं. त्याची अढी तुमच्या मनात असणार आणि त्या सकाळी ती बाहेर पडली, असं मी धरलं. वर्गात मी शिकवते की पात्राच्या कृतीमागचं कारण शोधा. मी तुमच्या एका वाक्यावरून तुमचं अख्खं पात्र रचलं आणि त्यावर आठ महिने विश्वास ठेवला. तुमचं जूनचं पत्र आलं तेव्हाही मनात म्हटलं, माणूस किती निर्ढावलेलं असतं. उत्तर दिलं ते केवळ शिक्षकी सवयीनं.

आईनं तुम्हाला दिवाळीत पत्र लिहिलं होतं, हे मला माहीतच नव्हतं. तिला तुमच्या कानांचं माहीत होतं का?

केतकी

*

अमरावती
३ ऑक्टोबर २०२३

मावशी,

पाच आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. स्पर्धेची तारीखही गेली. मी ते वाक्य लिहायला नको होतं असं आता रोज वाटतं. तुझ्या शेजाऱ्यांचा कुणाचा नंबर माझ्याकडे नाही. फोन करून उपयोग नाही, तरी कालच तीनदा केला.

बरी आहेस एवढं एका ओळीत कळव.

केतकी

*

भोपाळ
११ ऑक्टोबर २०२३

चि. केतकी,

मी बरी आहे. तुझं ‘तुझं उत्तर नाही’ दोनदा वाचलं.

ते वाक्य तू लिहायलाच हवं होतं. मी ते मागितलं तेव्हा वाटलं होतं की माझी तयारी आहे. तयारी नव्हती. महिनाभर मी दाराबाहेर पडले नाही. जिन्यात उभी असलेली तू मला दिसत होतीस, आणि तुला माझा आवाज ऐकू जात होता, ‘पेढे पाठव’ म्हणणारा. त्याची माफी कशी मागतात ते मला येत नाही. मागते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, नलिनीला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी ती थंडीत माझ्याकडे आठ दिवस राहून गेली, तेव्हा उजव्या कानात थोडं शिल्लक होतं. मी पोळ्या करत होते आणि ती मागून येऊन माझ्यासमोर उभी राहिली. त्या दिवशीचं सगळं मला आठवतं. तिचं बोलणं मी नीट ऐकलेलं ते शेवटचंच. तू संवाद मागितला होतास ना. जसाच्या तसा आहे:

“सुमे, मी केव्हाची आवाज देऊन राहिली तुला.”

“ऐकलं की. येतच होते.”

“काय ऐकलं? काय म्हटलं मी?”

मी तव्याकडे बघत राहिले.

“मी म्हटलं, पोळी करपून राहिली. ती बघ, करपली. कधीपासून ऐकू येत नाही तुला?”

“येतं. थोडं कमी येतं.”

“केतकीला सांगते मी. ती धावपळ करेल, डॉक्टर बघेल.”

“कुणाला सांगायचं नाही. केतकीला तर नाहीच. तुला माझी शपथ आहे.”

“शपथा काय घालून राहिली? फ्रॉकातल्या आहोत का आपण?”

“घातली मी.”

“बरं. नाही सांगत. पण मी आहे तोवर ठीक आहे, सुमे. मी नसली तर तुझ्याशी मोठ्यानं कोण बोलेल?”

मग तिनं करपलेली पोळी स्वतःच्या ताटात घेतली आणि तो विषय पुन्हा काढला नाही. गावी गेल्यावर ती मला पत्रं लिहू लागली. तुला तिनं सांगितलं नाही, कारण मी शपथ घातली होती. तिनं ती पाळली. मी घातली नसती तर नऊ डिसेंबरला तू फोन केलाच नसतास, माणूस धाडला असतास, आणि मी वेळेवर पोचले असते. तू माझ्यावर रागावलीस ते चुकीच्या कारणानं, पण रागावण्यासारखं मी केलं होतं.

काल मी शेजारच्या नेहाला घरी बोलावून सांगितलं की मला ऐकू येत नाही. ती हसली आणि माझ्या वहीत हिंदीत लिहिलं, ‘आंटी, पूरी लाइन को पता है.’ सगळ्यांना माहीत होतं. ठेलेवाल्यालाही.

कथा मी मंडळात दिली नाही. ती तुझ्या-माझ्यापुरती पुरे.

तुझी,
मावशी

*

अमरावती
१९ ऑक्टोबर २०२३

मावशी,

आई अगदी अशीच बोलायची. ‘देऊन राहिली’, ‘घालून राहिली’. मी लहान असताना तिला सुधारायला जायची, मराठीची शिक्षिका होण्याच्या आधीपासून. तुझं पत्र मी स्वयंपाकघरात उभं राहून मोठ्यानं वाचलं. दहा महिन्यांत ह्या घरात तिचं बोलणं झालं नव्हतं.

मग तिचं कपाट पहिल्यांदा उघडलं. साड्यांखाली तुझी पत्रं आहेत, तारखेप्रमाणे लावलेली. मी ती वाचलेली नाहीत. तिची आणि तुझी आहेत ती.

शपथेबद्दल मला राग आला. तुझा, आणि तिचाही. तो गेला असं खोटं लिहीत नाही. भाऊबीज झाली की नागपूरमार्गे येते आहे, सतरा तारखेला सकाळी. चार दिवस राहीन.

केतकी

*

भोपाळ
२५ नोव्हेंबर २०२३

चि. केतकी,

पोचल्याचा तुझा मेसेज नेहानं दाखवला. बरं वाटलं.

पहिल्या दिवशी तू इतकी ओरडून बोलत होतीस की नेहाची सासू भांडण झालं समजून बघायला आली. ओरडलं की मला अजूनच कमी कळतं. समोर बसून हळू बोललं की निम्मं तरी ओठांवरून लागतं, हे तुला दुसऱ्या दिवशी उमगलं. तू घ्यायला लावलेलं नवं मशीन मी रोज सकाळी तासभर घालते. भांडी फार मोठ्यानं वाजतात, आणि माणसांचे शब्द अजून सुटे होत नाहीत. डॉक्टरांनी सहा महिने धीर धरायला सांगितलं आहे. तू गेल्यापासून घर फार मोठं वाटतं. तसं वाटत नाही म्हणायचं आता मी सोडलं आहे.

एक गोष्ट तू इथे असताना बोलले नाही, ती लिहिते.

निघायच्या दिवशी दुपारी तू कप धूत होतीस. मी मागे स्टुलावर बसले होते. तुझी पाठ माझ्याकडे होती, आणि मशीन मी काढून ठेवलं होतं, ते तू पाहिलं होतंस. मग तुझे खांदे हलायला लागले. नळ चालूच राहिला, हातातला कप तसाच राहिला. आधी वाटलं तू रडते आहेस. मग मानेवरून कळलं, तू बोलत होतीस. थांबून, पुन्हा सुरू करून, बराच वेळ. कधी डोकं जोरात हलवत होतीस. माझ्याशी बोलत होतीस, की नलिनीशी, की नुसतीच, ते मला माहीत नाही. रागाचं असेल. जिन्यातलं असेल.

मला उठून तुझ्यासमोर येता आलं असतं. ओठ पाहिले असते तर निम्मं कळलंही असतं. मी उठले नाही. माझ्या सबंध नोकरीत समोरच्याचं एकही वाक्य मी सोडलं नव्हतं, तुझी सगळी मी त्या दुपारी सोडली. मला ऐकू येत नाही म्हणूनच तू ती बोलू शकलीस, असं मला वाटलं.

काय बोललीस ते मी कधी विचारणार नाही. तुझं बोलून होईपर्यंत मी मागे बसून होते, एवढं तुला माहीत असावं.

मावशी